रुसलेलं चाक

मुलांनो, तळहातावर काठी उभी धरायचा खेळ तुम्ही खेळलाच असाल. काठी पुढे कलली की हात पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. आता समजा, काठी म्हणजे तुम्ही आणि हात म्हणजे एक चाक. झाली विजेवरची एकचाकी! दोन बाजूंच्या पायट्यांवर पाय ठेवायचे आणि पुढे झुकायचं. आतला सेन्सर कल ओळखतो आणि चाक तुम्हाला सावरायला पुढे धावतं. (डावी-उजवीकडचा तोल मात्र आपला आपणच सांभाळायचा, सायकलसारखा.)

परवा माझा एक जुना विद्यार्थी अशी गाडी दोन्ही हातांनी उचलून घरी आला. चौथीला माझ्या वर्गात होता, आता आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकतोय. साठवलेल्या पैशांतून त्यानं ती जुनी गाडी घेतलेली. तोंड एवढंसं झालेलं.

"बाई, पडलो. गाडी फुटपाथवर घासली, तेव्हापासून चाक हातानंही फिरत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, मोटार जळाली. किंमत ऐकून घामच फुटला."

"तुला काय वाटतं?"

"जळाल्याचा वास तर येत नाही."

मला हे उत्तर फार आवडलं. पडल्यावर त्यानं गाडी पुन्हा चालू करून पाहिली नव्हती, हेही शहाणपणाचंच.

त्यानं आधी बॅटरी सोडवली. हे तुम्ही मुळीच करायचं नाही हं! त्या गाडीत १६ लिथियम सेलची माळ असते. पूर्ण भरल्यावर एकेक सेल ४.२ व्होल्ट. करा गुणाकार! ६७.२ येतात. असा झटका म्हणजे खेळ नव्हे.

मोटार चाकाच्या पोटातच असते. तिच्यातून तीन जाड तारा निघतात आणि त्या नियंत्रक बोर्डाला जोडतात. म्हणजे संशयित दोन, बोर्ड आणि मोटार. बोर्डातले ट्रान्झिस्टर बिघडले तरी चाक असंच जड होतं. त्यानं तिन्ही तारा बोर्डापासून सोडवल्या आणि चाक फिरवलं. तरी ते अडखळतच फिरे. म्हणजे बोर्डावरचा आळ गेला!

मग मल्टीमीटर. कोणत्याही दोन तारांना लावलं की 'पीं'! "शॉर्ट!" तो ओरडला. पण थांबा. चांगल्या मोटारीतही या तिन्ही तारा आत एकमेकींना जोडलेल्याच असतात आणि त्यांचा रोध अगदी थोडा. मीटर तिथंही 'पीं' म्हणणारच. इथं मीटरपेक्षा आपला हातच खरा.

तो कसा, हे तुम्हीही पाहू शकता. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटार घ्या (बाबांना किंवा ताईला विचारून!) आणि सेल काढून ठेवा. आस बोटांनी फिरवा. मग मोटारीच्या दोन्ही तारांची टोकं एकमेकांना जोडून पुन्हा फिरवा. जड लागली ना? फिरवलेली मोटार डायनामो होते. टोकं जोडल्यावर तिच्यात वीज वाहते आणि ती वीज फिरवणाऱ्यालाच विरोध करते.

म्हणजे इथंही कुठंतरी दोन तारा भेटत होत्या. पण कुठं? आत की बाहेर? आत असेल तर दुरुस्तीवाला जवळजवळ बरोबरच होता. आम्ही बॅटरीच्या उजेडात तारेवर बोट फिरवत गेलो. चाकाच्या आसातून तारा बाहेर येतात तिथंच आवरण सोलवटलं होतं. दोन तांब्याच्या तारा गळ्यात गळे घालून बसलेल्या! वेगळ्या केल्या मात्र, चाक भिंगरीसारखं फिरलं. पोरगं नाचलंच.

मी म्हटलं, "बारीक तारा पण बघ रे." तिथूनच हॉल सेन्सरच्या तारा जातात. चुंबकाजवळचा हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला. मोटारीत असे तीन सेन्सर समोर कोणता ध्रुव आला ते बोर्डाला सांगत राहतात. एकजरी गप्प बसला तरी चाक थरथरतं, आणि थरथरणारं चाक माणसाला तोंडावर पाडतं. मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट देऊन, एकेक रोधक जोडून त्यानं सेन्सर तपासले. चाक हळूहळू फिरवताना दोघांचं मीटरवर ५, ०, ५, ० होई. तिसऱ्याचे आपले ५ च्या ५! ती तार आवरणाच्या आत तुटली होती.

सगळं डाग देऊन, आवरण चढवून झालं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून तो शाळेच्या मैदानावर आला, आधी भिंतीला धरून, मग सुटा. माझाच जीव जास्त धडधडत होता.

आता तुमचं काम. तीन सेन्सर, प्रत्येकाचं उत्तर ५ किंवा ०. एकूण जोडण्या ८. पण दुरुस्तीनंतर आम्हाला चाक फिरवताना ६ च दिसल्या. न दिसलेल्या दोन कोणत्या? पत्रानं कळवा.