पाठदुखी आणि प्रमाणपत्र

सुरतेत यंत्रमागापुढे उभे राहून, हिऱ्याच्या घंटीवर वाकून अनेकांची कंबर धरते. त्यांच्या सेवेसाठी आपले काही तरुण ‘पिलाटेस’ व्यायामाचे शिक्षक होऊ पाहतात. हेतू चांगला आहे. परंतु जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) यांच्या या नावावर कुणाचीच मालकी नाही, असा निवाडा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० साली दिला. तेव्हा नुसत्या नावाच्या प्रमाणपत्राला भुलू नये. रुग्णांवर काम करायचे तर आधी फिजिओथेरपीची पदवी घ्यावी. मग शरीररचना, शस्त्रक्रियेनंतरची पथ्ये आणि जाणत्याच्या देखरेखीखाली सराव असलेला वर्ग निवडावा. व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे कधी पाठवावे, हेही तिथे शिकवले पाहिजे. दयाळू शोमरोनीने जखमा बांधल्या, तसेच जखमीला उतारशाळेतही पोहोचवले.