मार खाणाऱ्याने एकट्यानेच का बोलावे?

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या गल्लीतला खेळ नव्हे. परंतु मार कोणी खायचा, तक्रार कोणी करायची आणि निवाडा कोणाच्या हाती, हे प्रश्न आमच्या समाजाला नवे नाहीत. म्हणूनच तिथल्या एका वादाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधत आहोत. पंचांनी कर्तव्यात कसूर केली, तर प्रशिक्षकाने आपल्या क्वार्टरबॅकची बाजू उघडपणे घ्यावी काय?

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचे डोके. चाल तो ठरवतो, चेंडू तो फेकतो. हे डोक्याचे काम काळ्या माणसाला जमणार नाही, हे गोऱ्या प्रस्थापितांनी परस्पर ठरवून टाकले होते. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९६८ साली डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को क्वार्टरबॅक म्हणून खेळला, उत्तम खेळला. तरी पुढच्याच वर्षी त्याला दुसऱ्या संघात दुसऱ्या जागेवर खेळावे लागले. गुणवत्ता गुणवत्ता म्हणून ओरडणारे तेव्हा कुठे होते?

आता कॅम न्यूटनचे उदाहरण घ्या. २०१५ च्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू. ८ सप्टेंबर २०१६ रोजी डेन्व्हरविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डोक्यावर वारंवार आघात झाले. पंचांनी त्यातल्या एकालाच शिक्षा दिली आणि तीही न्यूटनच्याच एका चुकीशी वजावट होऊन निष्फळ ठरली. कॅरोलिना २१-२० असा हरला. पुढे लीगनेच डेन्व्हरच्या दोन खेळाडूंना या आघातांबद्दल दंड केला. म्हणजे मैदानावर जे पंचांना दिसले नाही, ते कचेरीत बसलेल्यांना दिसले! त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूटनला स्वतःच सांगावे लागले की, मैदानावर आपल्याला सुरक्षित वाटत नाही.

यावर म्हटले जाते की, न्यूटन धिप्पाड आहे, स्वतः चेंडू घेऊन पळतो, मग मार बसणारच. पळणाऱ्या क्वार्टरबॅकला नियमाचे संरक्षण कमी, हे खरे. पण चेंडू फेकण्यासाठी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आघात करण्याची मुभा कोणता नियम देतो? ‘तो दणकट आहे, सोसेल’ ही भाषा आम्ही ओळखतो. राबणाऱ्यांच्या पाठीबद्दल ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

पंचांवर जाहीर टीका केल्यास लीग प्रशिक्षकाला दंड करते. पंचही माणूस आहे, त्याच्यावर झुंडी सोडू नयेत, हे आम्हांलाही मान्य आहे. म्हणून प्रशिक्षकाने पंचाच्या हेतूवर नव्हे, तर निर्णयावर बोलावे. नियम आणि चित्रफीत पुढे ठेवावी. पण बोलावे, आणि उघड बोलावे. खेळाडू बोलला की तो रडका ठरतो आणि काळा खेळाडू बोलला की उद्धट. प्रशिक्षक गप्प बसला, तर त्याचे मौन संमती ठरते.

मात्र नुसते शब्द पुरेसे नाहीत. त्या सामन्यात शेवटच्या आघातानंतरही न्यूटन मैदानावरच होता. नियम पाळले गेले, असा निर्वाळा नंतर चौकशीत मिळाला. तरी आम्ही विचारतो, ज्याला आपल्या खेळाडूच्या डोक्याची काळजी आहे, त्याने आधी त्याला बाहेर बोलावून तपासायला नको काय? पंचाला जाब विचारणाऱ्याने स्वतःही जाब द्यावा.

१९४६ साली डॉ. बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. अन्याय कुजबुजीत ठेवायचा नसतो, तो जगाच्या चव्हाट्यावर पुराव्यानिशी मांडायचा असतो, हे या दोन्ही समाजांनी ओळखले होते. दंड भरावा लागला तर भरावा. आपल्या माणसाच्या डोक्यापेक्षा दंडाची पावती मोठी नाही!