तीस डॉलरची सवलत कोणाच्या खिशातून?

सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनमध्ये गाडीची नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते आणि तिच्यासोबत करही भरावा लागतो. आपल्याकडे खासगी मोटार घेताना वाहनकर एकरकमी भरून माणूस ते दुखणे विसरतो. तिथे ते वर्षातून एकदा ठणकतेच. 1999 पर्यंत हा राज्यकर गाडीच्या मूल्याच्या 2.2 टक्के होता. टिम आयमन यांनी सह्या गोळा करून मतदानाला आणलेल्या प्रस्ताव क्र. 695 ने तो काढून सरसकट 30 डॉलर आकारायला सांगितले. लोकांनी कौल दिला. न्यायालयाने पुढे प्रस्ताव घटनाबाह्य ठरवला, पण 30 डॉलरचा आकडा विधिमंडळाने 2000 साली स्वतःच कायदा करून ठेवून घेतला आणि वर्षाला सुमारे 75 कोटी डॉलरचे उत्पन्न गेले. वीस वर्षांनी, नोव्हेंबर 2019 मध्ये, दरम्यानच्या काळात पुन्हा वाढलेल्या आकारण्यांविरुद्ध आयमन यांचाच प्रस्ताव क्र. 976 मंजूर झाला. असा कर गेल्यावर वाहतुकीचा अर्थसंकल्प कसा सावरायचा, या प्रश्नाला तिथे नेहमी एकच उत्तर मिळते: उत्पन्न घटले, खर्च घटवा, घरातही आपण तेच करतो. हे उत्तर वाटते तितके साधे नाही, आणि माझ्या मते चूक आहे.

पूर्वपक्ष आकडेवारी घेऊनच येतो. 2019-21 या दोन वर्षांचा राज्याचा वाहतूक अर्थसंकल्प साधारण 10 अब्ज डॉलरचा होता आणि त्यात पडणारे खिंडार सुमारे 45 कोटींचे. पाच टक्क्यांहूनही कमी! एवढी काटकसर कोणत्याही खात्याला जमली पाहिजे, असे म्हणणे सोपे आहे. फक्त ते दहा अब्ज एकाच तिजोरीत आहेत असे त्यासाठी धरून चालावे लागते. तसे ते नाहीत. 1944 च्या घटनादुरुस्तीने इंधनकराचा पैसा महामार्गांसाठी राखून ठेवला आहे. त्यातून गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटी चालतात, पण शहरातली बस चालत नाही. रोखे काढून आधीच उचललेल्या कर्जाचे हप्तेही टाळता येत नाहीत. म्हणजे वाहनकर बुडाला की कुऱ्हाड पडते ती उरलेल्या मोकळ्या पैशावर, आणि त्या पैशातून बससेवांची अनुदाने, अपंग व वृद्धांची ने-आण, रेल्वे, पायी चालणाऱ्यांच्या वाटा भागवल्या जातात. सरासरीने पाच टक्के दिसणारी कपात प्रत्यक्षात काही खात्यांच्या मुळावर येते. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याने हा कर कधी भरला नाही आणि त्याला सवलतही मिळाली नाही. त्याच्या वाट्याला आली ती फक्त कपात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोकांनी मत दिले, आता सरकारने रडगाणे का गावे? पण कोणत्या लोकांनी, कोणत्या मताने? सिएटलच्या मतदारांनी 2014 मध्ये बसफेऱ्या वाढवण्यासाठी स्वतःवर 60 डॉलरची वार्षिक आकारणी लादून घेतली होती. 976 राज्यभर मंजूर झाला तेव्हा हे शहर ज्या किंग काउंटीत आहे तिने विरोधात मत दिले होते, तरी तिच्या शहराची ही आकारणी त्या प्रस्तावाने पुसायला घेतली. एका कौलाने दुसरा कौल खोडायचा आणि वर लोकेच्छेची दुहाई द्यायची, हे लोकशाहीच्या नावाने चाललेले विचित्र प्रकरण आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव रद्द केला तोही याच ठिकाणी बोट ठेवून: एकात अनेक विषय कोंबलेले आणि मतपत्रिकेवरचे शीर्षक दिशाभूल करणारे. मतदारांनी मंजूर केलेल्या आकारण्या कायम राहतील असा समज त्या शीर्षकाने करून दिला होता.

मतदारांचा राग खोटा होता असे मात्र मी म्हणणार नाही. सिएटल परिसरातल्या साउंड ट्रान्झिट या रेल्वे-बस यंत्रणेसाठी 2016 च्या मतदानानंतर गाडीवरचा कर 1.1 टक्क्यावर गेला, आणि तो मोजायला वापरले ते 1990 च्या दशकातले घसाऱ्याचे कोष्टक. त्यात नव्यासारख्या गाडीची किंमत बाजारभावापेक्षा बरीच जास्त धरली जाई. बिल पाहून माणूस चिडणारच. पण त्यावरचा इलाज कोष्टक दुरुस्त करणे हा होता.

2019-20 मध्ये राज्य सरकारने काय केले? गव्हर्नर जे इन्स्ली यांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू न झालेली कामे थांबवण्याचा आदेश दिला. मार्चमध्ये विधिमंडळाने पुरवणी अर्थसंकल्प जुळवला तो मुख्यतः शिलकी रकमा आणि लांबलेल्या कामांचा न खर्चलेला पैसा यांच्या जोरावर. कुणाचे अनुदान एकदम तुटले नाही म्हणून त्याचे कौतुक झाले. या कौतुकात मला सामील होता येत नाही. दर वर्षी बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई एकदाच मिळणाऱ्या पैशाने होत नसते; ती फक्त पुढच्या अधिवेशनावर ढकलता येते. पुढे ढकललेले काम स्वस्तही होत नाही, कारण पुलाची झीज अर्थसंकल्पासाठी थांबत नाही.

मग पर्याय कोणता? कर गेल्यावर त्याची जागा मूल्यावर, वजनावर किंवा वापरावर बेतलेल्या दुसऱ्या वाहनकरानेच घ्यावी, म्हणजे रस्ता जास्त झिजवणारा आणि महागडी गाडी बाळगणारा जास्त देईल. असे केले नाही तर काय होते याचा दाखला त्या राज्यातच आहे. 695 नंतर तुटीत आलेल्या बससेवेसाठी किंग काउंटीने नोव्हेंबर 2000 मध्ये विक्रीकर 0.2 टक्क्याने वाढवला. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा वैयक्तिक प्राप्तिकर नव्हता. विक्रीकराचा भार तिथे गरिबाच्या मिळकतीवर सर्वांत जड पडत होता. ज्या घरात मोटार नाही त्या घराने कपडे आणि भांडी घेताना मोटारवाल्याची सवलत भरून दिली. न्यायालयाने 976 रद्द केल्याने हे थांबले असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. खटला लोंबकळत असताना 60 डॉलरचा भरवसा उरला नव्हता, म्हणून सिएटलने नोव्हेंबर 2020 मध्ये बससाठी जो कर मतदानाला ठेवला तो 0.15 टक्क्याचा विक्रीकर होता. मोटारीवरची आकारणी त्यात नव्हती, आणि मतदारांनी तो मोठ्या बहुमताने मंजूर केला.