चाळीस लिटरांचे बिऱ्हाड

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरातला वार्षिक खटला आहे. फिर्यादी आमची ही, आरोपी मी, आणि मुद्देमाल बहुधा माझ्या टेबलाखाली सापडतो. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ते टेबल परिचयाचे आहे. सकाळी त्यावर मी पेपर तपासतो, दुपारी कन्येचा अभ्यास होतो आणि पाहुणे आले की त्यावर पोह्यांच्या बशा येतात. त्याच टेबलाखाली गेली तेरा वर्षे एक काळी पेटी उभी होती. ती म्हणजे आमचा संगणक. तिच्यामुळे तिथे बसणाऱ्याला एकच पाय लांब करता येई. दुसऱ्याची सोय ज्याची त्याने पाहायची.

"अहो, यंदा ही जाणार की मी जाऊ?" हिने विचारले. प्रश्न सोपा होता. पण उत्तर देण्यापूर्वी मी क्षणभर थांबलो, आणि तिथेच चुकलो.

खरे म्हणजे पेटीचे दिवस भरलेच होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबली, आणि पुढची आवृत्ती पेलण्याइतकी आमची पेटी तरुण नव्हती. मी भाच्याला बोलावले. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणजे घरातले मिक्सर, इस्त्री आणि पंखे त्याच्याच नावावर आहेत. त्याने टेप काढली. उंची ४५ सेंटिमीटर, खोली ४५, रुंदी २०.

"मामा, चाळीस लिटर!"

"काय, दूध?"

"पेटी! हल्ली पेट्या लिटरांत मोजतात. आपण दहा लिटरांत बसवू."

त्याने झाकण उघडले आणि मी शरमलो. आत बहुतेक मोकळी हवा होती. जास्तीची कार्डे बसवायला सात खाचा, त्यांतली भरलेली एक. डिस्कांसाठी चार कप्पे, त्यांतला भरलेला एक. तेरा वर्षे आम्ही टेबलाखाली मुख्यतः धूळ सांभाळली होती! पण वाचकहो, हसण्यापूर्वी आपल्या माळ्यावर एकदा नजर टाका. श्रीखंडाचे रिकामे डबे, तुटक्या छत्र्या, मिठाईचे खोके... 'लागेल कधीतरी' हा आपल्या मध्यमवर्गाचा कुलमंत्रच आहे.

जुन्या पेटीतला मदरबोर्ड एटीएक्स जातीचा. हा नमुना १९९५ चा. माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मिनी-आयटीएक्स २००१ साली आला. तो १७० मिलिमीटरांचा चौकोन, आमच्या पोह्यांच्या बशीएवढा. त्यावर कार्डासाठी खाच एकच. स्मृतीच्या पट्ट्या बहुधा दोन. वीजपुरवठ्याचा डबाही धाकटा. पंखा किती मिलिमीटर उंच, कार्ड किती लांब, गरम हवा कुठून बाहेर पडणार, हे सारे विकत घेण्यापूर्वी ठरवायचे. "यात 'हेही घालू' चालत नाही," भाचा म्हणाला. आणि किंमत? आकार पाव झाला म्हणून ती पाव होत नाही. उलट काही भाग लहान म्हणूनच महाग. मुंबईत घर शोधलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन आम्ही सामान आणले. रात्री पेटी जुळली. टेबलाच्या कोपऱ्यात, शब्दकोशांच्या रांगेत ती एखाद्या जाडजूड खंडासारखी बसली. टेबलाखाली मी दोन्ही पाय लांब केले. तेरा वर्षांनी!

मग भाचा म्हणाला, "जुन्या डिस्कचे काय करायचे? ती साडेतीन इंची आहे. यात तिला जागा नाही."

नवी साठवण म्हणजे मधल्या बोटाएवढी एक चपटी पट्टी. जुन्या डिस्कचा लोखंडी ठोकळा हातात घेऊन मी उभा राहिलो. हिच्या प्रश्नाला उत्तर देताना मी थांबलो होतो, तो या ठोकळ्यामुळे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीनंतर त्या संगणकावर आठवणी लिहिल्या. एका बोटाने, रोज संध्याकाळी अर्धे पान. त्यांना जाऊन पाच वर्षे झाली. मी ती फाइल एकदाही उघडली नव्हती. 'उघडू कधीतरी'. चाळीस लिटरांच्या पेटीत अशा 'कधीतरी'ला भरपूर जागा असते. दहा लिटरांत नसते. ठेवायचे की टाकायचे, ते आजच सांगा, असे लहान पेटी विचारते.

वेगळा वीजपुरवठा जोडून भाच्याने डिस्क बाहेरूनच फिरवली. ती कुरकुरली, पण बोलली. फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! अण्णांनी युनिकोड येण्यापूर्वीच्या पद्धतीचा एक फाँट वापरला होता. त्यात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाँट गेला की मराठीही गेली. रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळाला, पण त्याने वेलांट्यांची दाणादाण उडवली. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडात ती अक्षरानंतर येते. अडुसष्ट पानांतल्या वेलांट्या आणि रफार मी हातांनी जागेवर आणले. बावीस वर्षे परक्या मुलांचे शुद्धलेखन तपासले, वडिलांचे प्रथमच.

सगळा मजकूर एका मेगाबाइटातही मावला. चाळीस लिटरांतून जपण्यासारखे निघाले ते एवढे.

आईची नजर आता अधू झाली आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती वाती वळत बसली होती. मी म्हटले, "आई, अण्णांचे वाचून दाखवू?" तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "इतके दिवस का नाही विचारलेस?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी वाचू लागलो. गिरगावातल्या चाळीत त्यांचा संसार कसा सुरू झाला, ते पहिले प्रकरण. सात माणसे आणि दहा बाय बाराची खोली.

"बारा कुठली!" आई मध्येच म्हणाली. "दहा बाय दहाचीच होती. आकडे फुगवून सांगायची सवय काही गेली नाही यांची."

ती हसली, आणि पदराने तिने डोळे पुसले. "पुढे वाच," म्हणाली.

अण्णांचे बारा मी तसेच ठेवले आहेत. खाली तळटीप घातली आहे: आईच्या मते दहा.