दोर खाली आला की परतीची वाट नाही

मैत्रिणींनो, या खेपेस वाळवणं आणि मुरांबे जरा बाजूला ठेवू या. संगमनेरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर लवकर जायला हवं.

वय ४२. लेक कॉलेजात शिकते. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी सांदण दरीत उतरण्याची सहल ठरवली आणि "आई, तू पण चल" म्हणून आईचंही नाव घातलं. पैसे भरून झाले, डिसेंबरातला शनिवार-रविवार ठरला. यजमान म्हणतात, "या वयात दोराला लोंबकळायला जायचं?" सासूबाई काही म्हणत नाहीत, नुसत्या बघतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "ताई, मला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. फॉर्ममध्ये ते लिहिलं नाही. लिहिलं तर घेणार नाहीत असं वाटलं. मनातून भीतीही वाटते, पण लेकीचा हिरमोड नको म्हणून बोलले नाही. बरोबर काय काय घ्यायचं तेवढं कळवा."

काय घ्यायचं ते कळवतेच. पण आधी त्या गोळीचं बोलू.

ज्यांनी सांदण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भंडारदरा धरणाच्या मागच्या अंगाला, रतनगडाच्या शेजारी, अकोले तालुक्यात साम्रद नावाचं गाव आहे. गावापासून थोडं चाललं की जमिनीला एक चीर पडलेली दिसते. सांदीकोपरा म्हणतो ना आपण, तशी डोंगराच्या पोटातली ही सांद. आत उतरलं की दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाच्या दोनशे फुटांहून उंच भिंती, मध्ये काही ठिकाणी दोन-चार माणसं शेजारी उभी राहतील एवढीच जागा, आणि वर आकाशाची पट्टी. ऊन तळाशी जेमतेम येतं. सुरुवातीलाच पाणी साठलेलं असतं. पाऊसमान आणि महिना यांवर ते कधी गुडघ्याएवढं, कधी छातीएवढं, आणि गार असं की पहिल्या पावलाला तोंडातून शब्द फुटत नाही. पुढे नुसते धोंडे. काही टेबलाएवढे, काही खोलीएवढे. त्यांवरून चढत-उतरत, कधी सरळ बसून घसरत जायचं.

मग येतो पहिला कडा, साधारण चाळीस-पंचेचाळीस फुटांचा. इथे दोर लावून खाली उतरतात, त्याला रॅपलिंग म्हणतात. पुढे लहान कडे आणखी आहेत. माझं सगळं सांगणं या पहिल्या कड्याशी येऊन थांबतं. इथपर्यंत आलेलं माणूस आल्या वाटेने साम्रदला परत जाऊ शकतं, पुष्कळ लोक तसे जातातही. पण एकदा सगळे खाली उतरले, शेवटच्या माणसाने दोर खाली ओढून घेतला, की मागची वाट बंद झाली. पाय मुरगळला, दम लागला, रडू आलं, तरी पुढेच जायचं. खाली मुक्कामाला पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी घाटवाटेने वर साम्रदला चढायचं, नाहीतर कोकणात डेहण्याकडे उतरायचं. मोबाईलला तिथे रेंज धरू नका.

मी हे ऐकीव सांगत नाही. मागे आम्ही चौघीजणी अशाच निघालो होतो, मी, माझ्या थोरल्या जाऊबाई आणि दोन भाचेसुना. जाऊबाईंचा गुडघा वर्षभर दुखत होता. निघायच्या सकाळी त्यांनी चहाबरोबर दुखण्याची गोळी घेतली. मी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प बसले. पहिला कडा त्या छान उतरल्या, खाली टाळ्याही पडल्या. तासाभराने गोळीचा अंमल उतरला आणि गुडघा नारळाएवढा सुजला. तीस-पस्तीस माणसांत लीडर दोन. एक पुढे गेलेला, दुसरा आमच्याजवळ. अंधार पडला तेव्हा आम्ही अजून धोंड्यांतच होतो. जाऊबाई बसून बसून, एकेक धोंडा हाताने चाचपत उतरत होत्या आणि मी मागून बॅटरी धरली होती. मुक्कामी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांचा हिरमोड नको, म्हणून बोलले नाही गं."

पत्रात हाच शब्द वाचला आणि मला तो अंधार आठवला.

तेव्हा संगमनेरच्या भगिनींनो, आधी त्या संस्थेला फोन करा आणि फॉर्म दुरुस्त करून घ्या. आपल्या डॉक्टरांना नीट सांगा की दिवसभर धोंड्यांवरून चालायचं आहे, गार पाण्यात उतरायचं आहे आणि दोरावरून उतरताना छाती धडधडणार आहे. "ट्रिपला जाते" एवढंच सांगून होकार मिळवू नका. दाब ताब्यात असेल तर डॉक्टर कदाचित जा म्हणतील. नको म्हणाले तर नको. गोळी चालू असल्याचं लीडरला आणि लेकीलाही ठाऊक हवं, म्हणजे तुम्हाला चक्कर आली तर त्यांना कारण शोधत बसायला नको. दमा, साखर, फिट्स, हृदयाचं दुखणं, कंबरेची गादी सरकलेली असणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हे सगळं असंच मोकळेपणी लिहायचं. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर या खेपेला जाऊच नये. डोंगर कुठे पळून जात नाही.

आता त्यांनी तुमच्याविषयी विचारायचं, तसं तुम्हीही त्यांना विचारायचं. भाजीवाल्याशी मेथीच्या एका जुडीवरून पाच मिनिटं बोलणाऱ्या आपण, इथे मात्र लेकीने मोबाईलवर पैसे भरले म्हणजे झालं असं समजतो. एकूण माणसं किती आणि लीडर किती? एकाच दोरापाशी चाळीस माणसं म्हणजे तासन् तास खोळंबा, आणि खोळंब्याचा अंधार होतो हे मी सांगितलंच. उतरण्याच्या दोराखेरीज सुरक्षेचा वेगळा दोर बांधतात का? नसला तर खाली दोर धरून कोण उभं राहतं? याआधी या दरीत ते किती वेळा उतरले आहेत? प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेलं कोणी आहे का? राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार अशा सहली काढणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. ती आहे का, हेही विचारा. जो नीट उत्तर देईल तो चांगला, जो "काकू, काही टेन्शन घेऊ नका" म्हणून हसेल त्याच्याबरोबर मी तरी जाणार नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा: पहिल्या कड्यापाशी येऊन मला नको वाटलं, तर माझ्याबरोबर परत कोण येईल? याची सोय आधीच ठरवून घ्या. परत फिरायची मोकळीक आहे हे ठाऊक असलं ना, की निम्मी भीती तिथेच जाते.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. सांदण हा मुळात पाण्याचा मार्ग आहे. पावसाळ्यात त्यात पाऊल टाकायचं नाही, आणि दिवाळीआधीचा परतीचा पाऊस किंवा मे महिन्यातला वळीव यांचाही भरवसा नाही. फसवणूक अशी की आपल्या डोक्यावर थेंब नसतो, पण वर पठारावर सर आलेली असते आणि ते सगळं पाणी त्या चिंचोळ्या जागेतून एकदम येतं. आपल्याकडच्या सहली जिथे हमखास थांबतात त्या स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनजवळ, साक्सेटनबाख नावाच्या ओढ्याच्या घळीत, २७ जुलै १९९९ रोजी असंच झालं. वर वादळी पाऊस झाला, लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यांत वाटाडेही तीन होते. बरोबर जाणकार माणसं होती, साधनं होती, तरी पुढे जायचा निर्णय चुकला. म्हणून हवा बिघडल्यामुळे संस्थेने सहल रद्द केली तर कुरकुर करू नका. उलट पुढच्या वेळी त्यांच्याचकडे जा.

आता कपडे. साडीचा प्रश्नच नाही, पण सलवार-कमीजही नको. कंबरेला आणि दोन्ही मांड्यांना पट्टे आवळतात, त्याला हार्नेस म्हणतात. त्यात कमीजचा घेर अडकतो, आणि ओढणी तर घरीच राहू द्या. ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट उत्तम. सुती कपडा एरवी कितीही गुणी असला तरी इथे भिजला की जड होतो आणि लवकर वाळत नाही, म्हणून टेरिकॉटसारखा झटकन वाळणारा घ्या. जीन्स तर मुळीच नको.

केसांकडे माझं म्हणणं जास्त लक्ष देऊन वाचा. दोर ज्या धातूच्या कडीतून सरकतो ती आपल्या पोटापाशी असते, आणि खाली बघायला मान वाकवली की वेणीचं टोक नेमकं तिथे जातं. एकदा केस त्यात ओढले गेले की अधांतरी लटकत सोडवणं महाकठीण. अंबाडा घालावा म्हटलं तर त्यावर हेल्मेट बसत नाही, कपाळावर सरकतं. तेव्हा मानेलगत घट्ट वेणी घालून ती टीशर्टाच्या आत सोडायची. मंगळसूत्राचंही तेच. लांब असेल तर घरी देवापुढे ठेवून या. सासूबाईंना वाईट वाटत असेल तर आखूड पोत गळ्यालगत, कपड्याच्या आत, पिन लावून. अंगठ्या काढा. काचेच्या बांगड्या फुटून मनगटात शिरतात, त्याही काढा. सासूबाई नुसत्या बघतात म्हणालात ना, त्यांना कारण सांगून तर बघा. बायकांना कारण सांगितलं की पटतं.

बूट नवे घेतले असतील तर निदान दोन आठवडे बाजारहाटाला तेच घालून जा. मोज्यांचे दोन जोड घ्या, ओल्या मोज्यांनी फोड येतात. सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कोरडे कपडे, तोंडाला गाठ. मोबाईल वेगळ्या पिशवीत. गावातून निघण्यापूर्वी गजरे, अत्तर, सुवासिक तेल यांना रजा द्या. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात आणि त्यांना डिवचायचं कारण नको.

खायला दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. पाणी दोन-तीन लिटर, शिवाय मीठ-साखर-लिंबाचं एका बाटलीत. आणि एक आपल्या बायकांची खोड इथे अजिबात चालणार नाही, ती म्हणजे "जायला लागेल" म्हणून पाणी न पिणं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवीला जास्त होते, म्हणून पुष्कळजणी प्रवासाच्या दिवशी गोळीच टाळतात. तसं करू नका. दरीत आडोशाला धोंडे हवे तेवढे आहेत. एकीने पाठ करून उभं राहायचं, झालं. महिन्याच्या तारखा जवळ असतील तर पाण्यात उतरायचं आहे हे लक्षात घेऊन तयारी ठेवा. कप वापरायची सवय असेल तर सोयीचं, पण पहिला प्रयोग तिथे नको. वापरलेलं जे काही असेल ते कागदात गुंडाळून पिशवीतून परत आणायचं. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे.

राहिली भीती. कड्याच्या टोकाशी पाठमोरं उभं राहून मागे झुकायचं, हा तो एक क्षण. मन सांगतं, दगडाला बिलग. बिलगलात की पाय घसरतात. खुर्चीत बसतो तसं मागे रेलायचं, पाय फाकवून तळवे सपाट दगडावर टेकवायचे, आणि खालच्या हाताने धरलेला दोर काही झालं तरी सोडायचा नाही. निघण्याआधी हेल्मेटचा पट्टा, हार्नेसचे पट्टे आणि कडीचं फिरकीचं कुलूप स्वतःच्या हाताने चाचपा, मग लीडरला पुन्हा पाहायला लावा. पहिली दहा फुटं वाईट. नंतरची कशी गेली ते मला आठवत नाही, खाली पोचल्यावर मी हसत होते एवढं आठवतं.

लेकीला भीतीचं जरूर सांगा. माझा अंदाज आहे, तीही मनातून घाबरलेली असेल. आजपासून रोज संध्याकाळी दोघींनी मिळून जिने चढा-उतरा. उतरण्याची सवय जास्त करा, कारण मांड्या भरून येतात त्या उतरताना. डॉक्टर काय म्हणाले ते कार्डावर कळवा. ते नको म्हणाले असतील, तर लेकीला पाठवा आणि तुम्ही यजमानांना घेऊन रविवारी रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं देऊळ बघून या, जवळच आहे.

पुढच्या अंकी लोकरी कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करावं, याविषयी.