बंद नळाची पाणीपट्टी



सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या अंगणात एक नळ आहे. नळ म्हणजे नुस्तं तोंड. चावी गळून पडली, पाईप भिंतीत कुजला. बारा वर्षं त्यातनं थेंब आला नाही. त्याची थकबाकी माझ्या आईच्या नावावर निघालीय. ९,४०० रुपये.

वाडा बिल्डरकडं चाललाय. भाडेकरूंना खोल्या मिळणार, पण आधी सगळी देणी चुकती केल्याच्या कागदावर सही पायजे. कागद मालकाच्या नातवानं काढला. शिकलेला माणूस, बोलतो गोड. "मावशी, नळ तुमच्याच खोलीसमोर आहे ना?"

आहे. खोलीसमोर आहे आणि संडासाशेजारी आहे. माझी आजी हा वाडा झाडायची. चौकातल्या हौदाला तिला हात लावू देत नव्हते. कुणी वरनं ओतेल तेव्हा कळशी भरायची. पुढं हा नळ बसला तेव्हा उपकार केल्यागत सांगितलं, हा तुझा. आज नातू तेच सांगतोय, हा तुमचा. तेव्हा विटाळापायी आमचा होता, आता थकबाकीपायी.

हिशेब मलाही येतो. नळ आटला म्हणून दप्तरात तो बंद होत नाही. मेन लाईनवरनं जोड तोडावा लागतो, त्याला अर्ज, अर्जाला मालकाची सही. ती बारा वर्षांत झाली नाही. आईनं अर्ज करून उपयोग नव्हता, जोड तिच्या नावावर कधी नव्हताच. तोडायचा हक्क त्यांचा, फेडायचं आमी. महापालिकांचा १९४९ चा कायदा म्हणतो, मिळकत भाड्यानं दिली असेल तर कराची जबाबदारी आधी मालकाची. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते. ते बिल कुणाच्या नावानं येतं हे नातवाला चांगलं ठाऊक आहे.

ह्या पेठेला पाण्याचा अभिमान फार. नानासाहेब पेशव्यानं कात्रजच्या तलावातनं नळ आणला, पेठांतले हौद भरले. पत्ता सांगताना लोक अजून हौदाचं नाव घेतात. त्या हौदांवर आमची कळशी कुठं होती, ते पत्त्यात येत नाही. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो गंज पेठेत. १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. कागदावर. १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ओंजळ भरली, तर सनातन्यांनी गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं आणि कोर्टात गेले. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. दहा वर्षं, एका ओंजळीला! ही वसुली आमी कुठल्या खिडकीवर मागायची?

आमच्यातलेच काही म्हणतात, भर की बाबा, खोली लाखांची आहे. खरंय. उसनवारी करून ९,४०० उभे करता येतील, गिरणीत चार मित्र आहेत. पण सही केली की कागदावर कायमचं लिहिलं जातं की ह्या बाईनं पाणी वापरलं आणि पैसे बुडवले. ज्या घरानं आजीला हौदाला शिवू दिलं नाही, त्या घराची ती बाकीदार ठरते. मला खोलीपेक्षा ह्या ओळीचा राग आहे.

कागदाचं उत्तर कागदानं दिलंय. मागच्या बारा वर्षांची बिलं कुणाच्या नावची आहेत ती दाखवा, आणि जोड तोडायचा अर्ज कधी केला त्याची पोच दाखवा, एवढंच लिहिलंय. नातवानं ते वाचलं, चष्मा काढला, म्हणाला, "एवढं कशाला ताणता?"

सोमवारी परत बोलावलंय. माझी पहिली पाळी आहे. खाडा करून जाणार. आई म्हणते, मीपण येते, नळ कुठं आहे ते मीच दाखवीन.