आरोंद्याच्या खाडीची नोंद आरोंद्यानेच करायची

आरोंदा आणि तेरेखोल खाडीकाठच्या सर्व ग्रामस्थांस,

आपल्या ग्रामपंचायतीत एक वही असायलाच हवी. तिचं नाव लोकजैवविविधता नोंदवही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला लावली आणि गावातल्या लोकांशी बोलून ही वही तयार करण्याचं काम तिच्यावर सोपवलं. ही वही तुम्ही पाहिली आहे का? तिच्यातलं एक तरी पान ग्रामसभेत वाचलेलं ऐकलं आहे का? पाग टाकणाऱ्याला किंवा सुकतीला कालवं फोडायला जाणाऱ्या बाईला, खाडीत पूर्वी काय मिळायचं आणि आता काय मिळत नाही, हे कुणी येऊन विचारलं का? उत्तर 'नाही' असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

देशभर या वह्या कशा झाल्या ते आधी सांगतो. कायद्याला 17 वर्षं झाली तरी बहुतेक पंचायतींकडे वही नव्हती. ऑगस्ट 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राज्यांना 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली. ती चुकली तर महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागणार होते. मग एकच धावपळ झाली. अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसांनी छापील साच्यात झाडा-पक्ष्यांची नावं भरली आणि आकडा पूर्ण केला. ज्यांना खाडी पाठ आहे, त्यांच्या तोंडचं त्यात फारसं आलं नाही. मुदत पाळली गेली, कायद्याचा हेतू मात्र बुडाला. त्यात आपलं, गावकऱ्यांचंही चुकलं. समितीवर कोण आहे याची चौकशी आपण केली नाही. 2004 च्या नियमांनी या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं लिहिलं होतं. खाडीच्या चिखलात रोज उतरणाऱ्या किती बायका त्या जागांवर बसल्या, हे प्रत्येक गावाने स्वतःलाच विचारावं.

ही वही म्हणजे आपल्या पोटापाण्याचा दस्तऐवज आहे. शेवटे, काळुंदर, तांबोशी, गोबरे, शेंगट्या, सुंगटं, कुर्ल्या यांतलं काय कुठल्या महिन्यात, कुठल्या वळणावर आणि किती मिळतं. तिसऱ्यांची पुळण कुठली आणि ती कधीपासून ओस पडली. चिप्पी, कांदळ, तिवर, मारांडी कुठे दाट आहेत आणि कुठे तोडली गेली. पाणमांजरांची बिळं कुठे आहेत. खारबंधारा कुठे खचतो आणि उघाडीची दारं कुठे कुजली आहेत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा पाणी कुणाच्या अंगणापर्यंत चढलं. हे सगळं त्यात आलं पाहिजे. हे ज्ञान गावात आहे, पण म्हाताऱ्या माणसांबरोबर ते चाललं आहे. मुंबई-गोव्याला नोकरीला गेलेल्या पोरांना ते माहीत नाही, यात त्यांचा दोष नाही.

हवामानबदलाशी याचा संबंध काय, असं विचारणारे भेटतात. 1901 ते 2018 या काळात जगाच्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली, आणि अलीकडे ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढते आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा अहवाल सांगतो. हे मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण खाजणातल्या शेतकऱ्याचं नुकसान व्हायला बंधाऱ्याचा वीतभर भाग खचलेला पुरतो. उधाणाचं पाणी तिथून एकदा आत शिरलं की मातीतलं मीठ पुढच्या पावसाने धुऊन जाईपर्यंत भात रुजत नाही. मृगाचा पाऊस लांबला तर मीठ धुतलंच जात नाही, आणि तुटलेला बंधारा वेळेत बांधला नाही तर दोन-तीन हंगाम हातचे जातात. शेजारी शिरोड्याच्या मिठागरांत नेमकं उलटं: तिथे अवकाळी पाऊस तयार मीठ विरघळवून टाकतो. अरबी समुद्रात 2019 साली क्यार आणि महा ही दोन वादळं एकाच वेळी होती. तेव्हा बोटी बंदरात अडकून पडल्या, तो हंगाम कुणी विसरलेलं नाही.

आता कांदळवनाचं बोलतो, कारण गावात खरी भीती इथेच आहे. 2005 च्या आणि पुढे 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांनी कांदळ तोडायला सक्त मनाई झाली. ती आवश्यक होती. बंधाऱ्याबाहेरचं कांदळ लाटेचा जोर मोडतं, गाळ धरतं आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतं. पण खाजण फुटलं, कुणी बांधून दिलं नाही, आणि आत दहा वर्षांत कांदळ माजलं, तर मालकाची जमीन कागदावर त्याची आणि वापरात कुणाचीच नाही, अशी गत होते. सिंधुदुर्गात खासगी जमिनीवर कांदळ बरंच आहे. त्या शेतकऱ्याला 'पर्यावरणाचा शत्रू' म्हणणं हा अन्याय आहे. आधी बंधारा आणि उघाडी दुरुस्त करा, मग त्याच्या बाहेरच्या अंगाला कांदळ राखा, हा क्रम गाव सांगू शकतं, कारण बंधारा कुठे होता हे गावालाच आठवतं. तेही वहीत लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर उपग्रहाच्या नकाशावर हिरवा ठिपका दिसेल आणि वाद तिथेच मिटल्याचं समजलं जाईल.

गावाला न विचारता राखलं की काय होतं, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. 13 एप्रिल 1987 रोजी मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांना विश्वासात घेतलं गेलं नाही, आणि त्यांनी ते पुढे कधीच मनापासून स्वीकारलं नाही. याउलट दोडामार्ग तालुक्यातली बांबर्डे-हेवाळ्याची राई गावाने श्रद्धेने राखली, म्हणून तिथलं दुर्मीळ पाणथळ जंगल वाचलं आणि नंतर सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हटलं. आपल्याच सावंतवाडी तालुक्यात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशासाठी 2021 मध्ये असाच दर्जा मिळाला. या दोन्ही ठिकाणी सरकारी शिक्का नंतर बसला, राखण आधीपासून होती.

पैसा नाही, हे कारण आम्हाला ऐकवू नका. ऑक्टोबर 2018 मध्ये हरित हवामान निधीने भारताच्या किनाऱ्यासाठी सुमारे 4 कोटी 34 लाख डॉलर मंजूर केले. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशासाठीच्या या प्रकल्पात सिंधुदुर्गही आहे. राज्याच्या कांदळवन योजनेत खेकडा, कालवं, शोभिवंत मासे यांच्या पालनाला गटांना 90 टक्के आणि व्यक्तीला 75 टक्के अनुदानाची तरतूद आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी कांदळवनाची सफर सुरू करून ती स्वतः चालवून दाखवली. आपल्या गावात हे का होऊ नये? मात्र कुठलं काम कुठे करायचं हे गावाने ठरवावं. अधिकारी आले, गट नोंदवला, पिंजरे टाकले, फोटो काढले आणि प्रकल्पाची मुदत संपली, असं काम कुणाला नको आहे.

आणि जेट्टी. 2014 साली आरोंदा-किरणपाणीच्या जेट्टीविरोधात गाव रस्त्यावर उतरलं, ते विसरू नका. पलीकडच्या गोव्याच्या काठालाही त्या जेट्टीची धास्ती होती, कारण खाडीला राज्याची हद्द माहीत नाही. प्रकल्प कुठलाही असो, त्याचा पर्यावरण अहवाल प्रकल्पवाल्याच्याच खर्चाने तयार होतो. त्या अहवालासमोर गावाकडून काय ठेवायचं? घोषणा फार वेळ टिकत नाहीत. तिसऱ्यांची जागा, कुर्ल्यांची वीण आणि वाळू उपशाने खचलेला काठ, हे तारखेनिशी, सहीनिशी आणि साक्षीदारांनिशी लिहिलेलं असेल तर जनसुनावणीत आणि न्यायालयात ते पुढे ठेवता येतं. उद्या नवा प्रस्ताव आला की वही लिहायला बसून उपयोग नाही.

म्हणून आमची मागणी अशी. जैवविविधता समितीवर कोण आहे हे पंचायतीने फलकावर लावावं. रिकाम्या जागांवर मच्छीमार, खाजण कसणारे आणि कालवं काढणाऱ्या बायका घ्याव्यात. नोंदवही वर्षातून एकदा ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि तिथेच दुरुस्त करावी. औषधी झाडपाल्याची आणि माशांच्या जागांची काही माहिती बाहेर जाऊ द्यायची नसेल, तर ती झाकून ठेवण्याचा निर्णयही गावाचाच. सातार्डा, कवठणीपासून वरच्या बांद्यापर्यंतच्या गावांनी आपापल्या वह्या जोडून संपूर्ण खाडीची एक नोंद करावी, आणि गोव्याच्या काठाला हाक घालावी.

येत्या ग्रामसभेसाठी हा विषय सरपंचांकडे लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. वही दाखवायला नकार मिळाला तर माहितीच्या अधिकारात प्रत मागा. प्रत हाती आली की पहिलं पान उघडून त्यात आपल्या खाडीतल्या माशांची नावं बरोबर आहेत का ते बघा.